आईला अजून एक अ‍ॅप नको, फोनवर बोलणारं माणूस बघा

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी बरंच लिहिलंय, थोडक्यात असं: आई ५६ वर्षांची, आई-बाबा जुळे सोलापुरात राहतात, ताई स्वतः पुण्यात नोकरीला. आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता बार्शीला केमो चालू आहे, दर तीन आठवड्यांनी. आई रात्र रात्र जागी असते, छातीत धडधडतंय म्हणते, मधेच रडायला लागते, आणि इथे कुणाकडे दाखवू म्हटलं की 'मी काय येडी झाले का' म्हणून विषय बंद. ताईंनी मेडिटेशनचं एक इंग्लिश अ‍ॅप वर्षभराचे पैसे भरून आईच्या फोनवर टाकून दिलं, आईने ते एक-दोनदा उघडलं असेल नसेल. आता विचारतायत की याहून चांगलं अ‍ॅप कोणतं, आणि ऑनलाइन थेरपीचा खरंच काही उपयोग होतो की नुसते पैसे जातात.

मी इथे सोलापुरातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं हेच माझं रोजचं काम, आणि त्यातलं निम्मं काम आता फोनवरच होतं. कारण बार्शीचा पेशंट करमाळ्याचा असतो, अक्कलकोटचा असतो, टाटाला जाणारा सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रीचा जातो आणि परत येतो तेव्हा अंगात उभं राहायचं त्राण नसतं, त्याला परत रिक्षा करून माझ्याकडे ये म्हणायला मलाच जीवावर येतं.

तर आधी सरळ उत्तर देऊन टाकते. आईसाठी दुसरं अ‍ॅप शोधत बसू नका. फोनवरच्या कौन्सेलिंगचा उपयोग होतो, चांगला होतो, पण ते घरात नीट बसवावं लागतं. अ‍ॅप ठेवायचंच असेल तर ते तुमच्या स्वतःच्या फोनवर ठेवा, त्याचं कारण पुढे सांगते.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, जी कुठलंच अ‍ॅप विचारणार नाही. आई कोणत्या रात्री जागी असते ते बघितलंय का? केमोच्या आसपास उलटी होऊ नये आणि रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, पेशंट लोक नुसतं डेक्सा म्हणतात, ते स्टेरॉइड आहे आणि त्याने झोप उडते, माणूस उगाच तरतरीत होतो, चिडचिड होते, धडधड होते, आणि दोन-तीन दिवसांनी ते बंद झालं की एकदम गळून जातो, रडायला येतं. जर आईची झोप नेमकी केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस जात असेल आणि नंतर थोडी बरी होत असेल तर निम्मं उत्तर तिथेच सापडलं. ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारा की संध्याकाळची गोळी दुपारच्या आत घेतली तर चालेल का, बऱ्याचदा चालतं, पण स्वतःच्या मनाने वेळ किंवा डोस बदलायचा नाही. दुसरं, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड चालू असेल तर त्याने काही जणांना अशी बेचैनी येते की एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, आणि घरातले म्हणतात टेन्शन घेतलंय. ते टेन्शन नसतं, गोळी असते, बदलून मिळते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पण बघून घ्या, धडधड त्यानेही होते. मी माझ्याकडे फोनवर येणाऱ्या प्रत्येक पेशंटची गोळ्यांची यादी आधी मागवते, चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि मगच मनाबद्दल बोलायला सुरुवात करते.

हे सगळं बघून झाल्यावरही जी भीती उरते तिच्यासाठी आपलं काम.

आता अ‍ॅप का चालत नाही. संशोधनात अ‍ॅपचा उपयोग दिसलाय, खोटं कशाला बोलू. अमेरिकेत कॅन्सरच्या ४४९ पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात, सगळे पहिल्या ते तिसऱ्या स्टेजचे आणि आधीच काळजीने ग्रासलेले, निम्म्यांना ताण हाताळायला शिकवणारं दहा धड्यांचं अ‍ॅप दिलं आणि बाकीच्यांना नुसती आरोग्याची माहिती देणारं. पहिल्या गटाची काळजी आणि उदासी जास्त कमी झाली, २०२३ मध्ये हे निकाल आले. त्याआधी २०१८ मध्ये नेदरलँड्सचा २४५ पेशंटचा अभ्यास आला होता, माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष द्यायला शिकवणारी थेरपी ग्रुपमध्ये बसून आणि इंटरनेटवरून घरी बसून अशी दोन्ही तऱ्हेने देऊन बघितली, दोन्हीकडे फायदा दिसला, फक्त इंटरनेटवाल्यांमध्ये मधेच सोडून देणारे जास्त निघाले. आणि गंमत म्हणजे तिथेही इंटरनेटवाल्यांना दर आठवड्याला एक थेरपिस्ट ई-मेलवर उत्तर देत होता, म्हणजे पलीकडे माणूस होतंच.

शिवाय अभ्यासातलं ते अ‍ॅप म्हणजे प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप नव्हे. तिथे जी शेकडो पडलीयेत त्यातल्या बहुतेकांची कुणी कधी कॅन्सर पेशंटवर चाचणी घेतलेली नसते, ती तरुण, धडधाकट, ऑफिसला कंटाळलेल्या माणसासाठी बनवलेली असतात. एक उदाहरण देते. या अ‍ॅपमध्ये शरीरावर लक्ष फिरवायचा एक प्रकार असतो, पायाच्या बोटांपासून सुरू करून वर वर येत जायचं, आणि मधे आवाज येतो की आता तुमच्या छातीकडे लक्ष द्या, तिथे काय जाणवतंय ते बघा. ज्या बाईचं एका बाजूचं स्तन काढलंय, टाके ओढतायत, काखेत बधिर झालंय, तिने तिथे काय बघायचं? एक मावशी मला म्हणाल्या, 'म्याडम, ती बाई छातीवर आली की मी फोनच बंद करायलेय बघा, मला तिथं बघायचंच न्हाई.' तुमच्या आईने अ‍ॅप का उघडलं नाही हे एकदा विचारून बघा, आळस नसेल, असंच काहीतरी असेल.

आणि आपल्याकडची खरी अडचण याच्याही अलीकडची आहे. अ‍ॅप धरून चालतं की फोन तुमचा स्वतःचा आहे, तुमची स्वतंत्र खोली आहे, तुम्हाला इंग्लिश नाहीतर पुस्तकी हिंदी कळतं आणि तुम्हाला काय झालंय ते तुम्हाला माहितीये. या चारातलं एक जरी नसलं तरी सगळं डळमळतं. आपल्याकडे आईचा फोन म्हणजे बाबांचा जुना फोन, त्यावर नातू गेम खेळतो, रिचार्ज मुलगा करतो, आणि नोटिफिकेशन आली की जो जवळ असेल तो वाचतो. विडी कामगार बायकांकडे तर कितीदा साधा बटणाचाच फोन असतो, तिथे अ‍ॅपचा विषयच नाही. त्यांच्याशी मी साध्या कॉलवर बोलते आणि काम होतं.

त्या इंग्लिश अ‍ॅपच्या ऐवजी काय करता येईल ते सांगते, फुकट आहे. तुमच्या स्वतःच्या आवाजात दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून आईला पाठवा. व्हॉइस नोटच. अंग सैल सोडायचा व्यायाम, एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा, ही पद्धत एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी काढली आणि अजून चालते. हळू बोलायचं, घरात बोलता तसंच. 'आई, आडवी झालीस का. डावा पाय आवळ, थोडासाच, पाचपर्यंत मोजते. आता सोड. सोडल्यावर कसं जड वाटतं बघ. आता उजवा.' असं पाय, पोट, खांदे, कपाळ, जबडा. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात, खांदा आणि छाती पूर्ण वगळा, तो भाग ताणायचा नाही, नुसतं म्हणा की हा हात उशीवर पडू दे. केमोसाठी पोर्ट, म्हणजे औषध सोडायची कातडीखालची छोटी डबी, बसवला असेल तर तीही बाजू सोडा. मधे मधे गप्प राहा, सारखं बोलायचं नाही. आणि शेवटी 'आता झोप' असं म्हणू नका, झोप म्हटलं की झोप येत नाही, 'आता नुसती पडून राहा' म्हणा. मुलीचा आवाज असला की बायका ते रोज लावतात, हा माझा नेहमीचा अनुभव, कुठल्याही गोड आवाजाच्या इंग्लिश बाईपेक्षा हे बरं चालतं.

दुसरं म्हणजे काळजीची वेळ ठरवणे. ऐकायला विचित्र वाटेल पण हे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीतलं, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या थेरपीतलं, जुनं तंत्र आहे. संध्याकाळी साडेपाचला पंधरा मिनिटं, चहा झाल्यावर, वहीत लिहायचं जे जे मनात येतं ते, 'परत गाठ आली तर', 'पैसे पुरतील का', 'केस परत येतील का', 'पोरीच्या लग्नाचं कसं'. रात्री दोन वाजता तोच विचार आला की स्वतःला सांगायचं, वहीत आहे, उद्या साडेपाचला बघू. फोनमध्ये साडेपाचचा अलार्म लावून द्या, झालं तुमचं अ‍ॅप. लिहिता येत नसेल तर व्हॉइस रेकॉर्डरवर बोलायचं. आणि त्या वहीतल्या ज्या काळज्यांना खरंच उत्तर आहे त्या वेगळ्या काढायच्या. पैशाची काळजी श्वासाच्या व्यायामाने जात नाही, तिच्यासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेत आपलं काय काय बसतं ते विचारायचं. माझ्याकडे भीती म्हणून आलेले कितीतरी पेशंट ते एक काम मार्गी लागल्यावर झोपायला लागले.

आणि एक कानमंत्र, सगळ्यात स्वस्त उपाय: नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करा. काढे, पथ्य, अमक्याचा कॅन्सर पानाच्या रसाने गेला, तमक्याच्या मेव्हणीचं शेवटी काय झालं, हे सगळं रात्री अकराला आईच्या फोनवर येतं आणि आपण मेडिटेशनचं अ‍ॅप शोधतोय. रिपोर्ट पण तसंच. पेट स्कॅनचा रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी मोबाईलवर येतो, मग मुलं तो चॅटबॉटला वाचायला देतात आणि घरभर रडारड. रिपोर्टचा मेसेज आईच्या नंबरवर न येता तुमच्या नंबरवर येईल एवढी सोय करा, अर्थात आईला विचारून.

आता फोनवरची थेरपी. ही कशी बसवायची यात खरं मर्म आहे, कारण थेरपिस्ट चांगला असूनही घरातल्या व्यवस्थेपायी वाया गेलेली सेशन मी भरपूर बघितलीत. तुम्ही लिहिलंय की बाबा प्रत्येक फोन स्पीकरवर टाकतात. प्रेमापोटीच टाकतात, पण बाबा शेजारी असले की आई 'बरंय सगळं' याच्यापलीकडे एक शब्द बोलणार नाही. नवऱ्यासमोर 'मला मरायची भीती वाटते' कोण म्हणेल, आणि शरीराबद्दलचं तर नाहीच नाही. तेव्हा पहिलं काम बाबांना एक ड्युटी देणे. सेशनच्या वेळेला भाजी आणायला नाहीतर फिरायला बाहेर पडायचं, ही तुमची ड्युटी, डॉक्टरांनी सांगितलीये, असं म्हणा. पुरुष माणसाला काम दिलं की ती अडून बसत नाहीत. आईला वायरचा साधा इअरफोन द्या, ब्लूटूथवाला नको, त्याचं चार्जिंग ऐन वेळी संपतं आणि मग पुन्हा स्पीकर. बोलायची जागा गच्ची, मागचं अंगण, देवघर, काहीही चालेल, पण सोलापूरचा उन्हाळा बघता दुपारची गच्ची नको, सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर. मी पेशंटबरोबर एक वाक्य ठरवून ठेवते, 'गॅसवर दूध ठेवलंय' असं त्या म्हणाल्या की कुणीतरी खोलीत आलंय, मग मी लगेच भाजी-आमटीवर येते. व्हिडिओचा आग्रह धरू नका. केस गेलेत, भुवया गेल्यात, स्वतःचाच चेहरा त्या छोट्या चौकोनात बघत पंधरा मिनिटं बसणं नको असतं बायकांना, ऑडिओ बास होतं. फक्त पहिल्यांदा एकदा चेहरा बघितलेला बरा, दोघींनाही.

वेळ केमोच्या हिशोबाने धरा. केमोच्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस सेशन नको, आई नुसती पडलेली असेल. दुसरा आठवडा जरा बरा जातो, तेव्हा एक, आणि पुढच्या केमोच्या तीन-चार दिवस आधी एक, कारण भीती तेव्हा चढायला लागते, काहींना तर बार्शीची एसटी नुसती दिसली की मळमळतं. ही मळमळ खरी असते बरं का, नाटक नसतं, मेंदूने जोडी लावून ठेवलेली असते आणि थेरपीने ती कमी करता येते. पाऊण तास लागतोच असं नाही, वीस-पंचवीस मिनिटं पण चालतात, थकलेल्या माणसाला पाऊण तास ही शिक्षाच.

भाषा. हा मुद्दा सोलापूरसाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे घरात तेलुगू बोलणारी कितीतरी कुटुंबं आहेत, कन्नड बोलणारी आहेत, ती बाजारात मराठी झकास बोलतात पण दुःख त्यांच्या भाषेत होतं. एक पद्मशाली आजी माझ्याशी मराठीत सगळं 'ठीक आहे' म्हणायच्या, मग हैदराबादच्या एका सायकॉलॉजिस्टशी तेलुगूत फोन जोडून दिला तर पहिल्याच वेळी तासभर बोलल्या. लांबून थेरपीचा खरा फायदा कुठला विचाराल तर हा, गावात नसलेली भाषा फोनवर मिळते. तुमची आई मराठी बोलते, मग इंग्लिश-हिंदी मिसळून बोलणारा मोठ्या शहरातला थेरपिस्ट कितीही नावाजलेला असला तरी नको, 'फीलिंग्ज शेअर करा' म्हटलं की आपल्या बायका गप्प होतात, 'जीव कशाने घाबरतो' विचारलं की बोलतात.

तोंडाचा कॅन्सर असलेल्यांसाठी एक आडवाट सांगून घेते, कारण मावा आणि मिश्रीच्या या जिल्ह्यात हे वाचणाऱ्यात तेही असणार. जबड्याचं ऑपरेशन झालं की बोलणं नीट होत नाही, तोंड उघडत नाही, फोनवर समोरच्याला कळत नाही आणि पेशंटला लाज वाटते. तिथे टाइप करून चॅटवर थेरपी करायची, आणि ती फार छान होते, कितीतरी पुरुष तोंडाने कधीच बोलले नसते ते टाइप करून लिहितात. तेवढ्यासाठी मी मेसेजवरच्या थेरपीला मान देते, बाकी ठिकाणी मला ती अर्धवट वाटते.

थेरपिस्ट निवडताना डिग्री विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, मागा. औषध लिहून देणार असेल तर तो सायकिअ‍ॅट्रिस्टच, म्हणजे मानसोपचाराचा डॉक्टरच पाहिजे. नुसता 'लाइफ कोच' किंवा 'हीलर' असेल तर राम राम. कॅन्सरच्या पेशंटबरोबर आधी काम केलंय का हे विचारा, आणि तो तुम्हाला काय विचारतो तेही बघा. चांगला माणूस पहिल्याच फोनवर पेशंट आत्ता कुठे आहे, पत्ता काय, घरात जवळचं कोण, काही झालं तर कुणाला फोन लावायचा हे लिहून घेतो. लांबून काम करताना हे लागतंच, आणि जो हे विचारत नाही त्याने कधी अवघड वेळ बघितलेली नाही असं समजा. 'सकारात्मक राहा, कॅन्सर पळून जाईल' म्हणणारा पहिल्याच सेशनला बंद करा. त्याने पेशंटवर भलतंच ओझं येतं, उद्या रिपोर्ट वाईट आला तर माझंच मन कमी पडलं म्हणून ती बाई रडत बसते.

पैसे नसतील किंवा सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेली-मानस आहे, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठी निवडता येते, तेलुगू-कन्नडही आहे, साध्या फोनवरून लागते. त्याचं अ‍ॅप पण २०२४ मध्ये निघालं. ही सेवा रात्री दोनच्या भीतीसाठी चांगली, आणि गरज लागली तर पुढे कुठे दाखवायचं ते सांगतात, पण दर आठवड्याला त्याच माणसाशी बोलायचं तर ते तिथे धरून चालू नका. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर पण डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. आणि सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, पण तुमची आई तयार नाही म्हणून तो मार्ग आत्ता बाजूला ठेवू.

अ‍ॅपवाल्या थेरपीत आपली माहिती कुठे जाते हेही बघा. बेटरहेल्प नावाची अमेरिकेतली मोठी ऑनलाइन थेरपी कंपनी, तिने पेशंटची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक वगैरेंना दिली म्हणून तिथल्या सरकारी आयोगाने २०२३ मध्ये कारवाई केली आणि ७८ लाख डॉलर द्यायला लावले. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायद्याच्या भरवशावर राहू नका, श्वासाचा व्यायाम शिकवणारं अ‍ॅप कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागत असेल तर ते काढून टाका. त्याचं तिथे काय काम?

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ. 'आईला कॅन्सर आहे हे नीट सांगितलेलं नाही, गाठ होती काढली एवढंच माहितीये, तर थेरपिस्टला तो शब्द वापरू नका म्हणून सांगता येईल का.' सांगता येईल, बरेच जण सांगतात. मी काय करते तर खोटं बोलायचं कबूल करत नाही आणि शब्द मी आधी काढत नाही, फक्त विचारते, 'तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांना माहिती असतं. अहो, बार्शीच्या हॉस्पिटलच्या नावातच कॅन्सर आहे, आजूबाजूच्या पेशंटचे केस गेलेत, आई काय आंधळी आहे का! ती तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून गप्प आहे आणि तुम्ही तिला होऊ नये म्हणून. छातीतली धडधड कितीदा या लपाछपीचीच असते. फोनवरचा तिसरा माणूस इथे कामी येतो, त्याच्याशी तो शब्द एकदा बोलून झाला की घरात बोलणं सोपं जातं. जबरदस्तीने सांगून टाका असं मी म्हणत नाहीये, पण थेरपिस्टचं तोंड बांधू नका.

काही वेळी मात्र फोन, अ‍ॅप, थेरपी सगळं बाजूला ठेवून गाडी काढायची. केमो चालू असताना ताप १००.४ किंवा वर गेला तर लगेच हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. एकदम दम लागला, छातीत दुखतंय, एक पाय सुजलाय, तर ते पॅनिक समजून श्वासाचा व्यायाम करवून घेऊ नका, रक्ताची गुठळी असू शकते. आई अचानक असंबद्ध बोलायला लागली, माणसं ओळखेना, दिवस-रात्रीचं भान गेलं, तर तेही मनाचं नसतं बहुतेक वेळा, इन्फेक्शन नाहीतर रक्तातलं सोडियम वगैरे बिघडलेलं असतं. आणि 'आता जगून काय करू' असं आई म्हणाली तर विषय बदलू नका, 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, 'स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं ठेवायचं नाही, घरातल्या गोळ्या बाबांच्या ताब्यात, आणि त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्ट.

ताई, तुम्ही. पत्रात स्वतःबद्दल एकच ओळ आहे, की मीटिंग चालू असताना आईचा फोन आला की हात गार पडतात. वर म्हटलं ना अ‍ॅप तुमच्या फोनवर ठेवा, ते यासाठी. फोन तुमचा, खोली तुमची, इंग्लिश तुम्हाला येतं, आजार काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे ही अ‍ॅप ज्या माणसासाठी बनतात ते माणूस तुम्ही आहात. पैसे भरलेलेच आहेत तर स्वतः वापरा, झोपायच्या आधी दहा मिनिटं, दोन आठवडे करून बघा, फरक वाटला नाही तर सोडून द्या, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही नाही. आणि दिवसातून सहा वेळा 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' विचारण्यापेक्षा संध्याकाळी एकच फोन करा आणि त्यात आजाराचा विषय आईने काढला तरच.

केमो संपली की थेरपी बंद करायची घाई करू नका. सगळे म्हणतात सुटलो, पेढे वाटतात, आणि नेमकं तेव्हाच आई खचल्यासारखी होते, कारण आतापर्यंत दर तीन आठवड्यांनी कुणीतरी डॉक्टर बघत होते आणि आता एकदम तीन महिन्यांनी या म्हणतात. तेव्हा महिन्यातून एक फोन तरी चालू ठेवा, निदान पहिले दोन-तीन फॉलोअप होईपर्यंत. त्याच सुमारास हार्मोनची गोळी सुरू होऊ शकते. ती टॅमॉक्सिफेन असेल आणि कुणी डिप्रेशनचं औषध देत असेल तर त्या डॉक्टरला हे आवर्जून सांगा, फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे कामाचं रूप बनतं ते कमी होतं, दुसऱ्या गोळ्या आहेत ज्या चालतात. ऑनलाइन डॉक्टरसमोर फाइल नसते, त्यामुळे हे त्याला तुम्हालाच सांगावं लागेल.